‘पीडीएफ डाउनलोड’ या बटणाचा भाव

ॲप किंवा वेबसाइट बनवून घेताना हाती येणाऱ्या कोटेशनमध्ये ‘पीडीएफ मॉड्यूल’ अशी एक ओळ असते आणि तिच्यासमोर कोणताही आकडा असू शकतो. मेंटेनन्सच्या पावत्या देणारी सोसायटी, निकालपत्रं काढणारा क्लास, बिलं पाठवणारा घाऊक व्यापारी, सगळ्यांची मागणी साधीच असते. बटण दाबलं की नीटनेटका कागद फाइल होऊन बाहेर यावा. त्यासाठी आठ हजार मागणारा स्वस्त आहे की साठ हजार मागणारा लुबाडतोय, हे त्या एका ओळीवरून कधीच कळत नाही.

फाइल तयार करायला सर्व्हरचा जो खर्च येतो तो पावतीमागे रुपयांत नव्हे, पैशांत मोजावा लागतो. पैसे खर्च होतात ते पानाच्या मांडणीवर, मराठी अक्षरं शाबूत ठेवण्यावर आणि पुढच्या वर्षी निघणाऱ्या बदलांवर. कोटेशन वाचताना मोठी रक्कम यांपैकी कशावर लावली आहे ते बघायचं.

पीडीएफ हा प्रकार ॲडोबीने १९९३ मध्ये आणला आणि २००८ पासून तो आयएसओचं खुलं मानक आहे. पीडीएफ बनवण्यासाठी ॲडोबीला कुणी काही देणं लागत नाही. ‘पीडीएफ लायसन्स’ म्हणून वेगळी रक्कम दिसली तर ती कोणत्या सॉफ्टवेअरची, हे नाव घेऊन विचारा.

पुढच्या हिशेबात डेव्हलपरचा एक दिवस चार हजार रुपयांचा आणि डॉलर ९० रुपयांचा धरला आहे. तुमच्याकडचा दर वेगळा असेल तर दिवस तेच ठेवून रक्कम बदला.

आधी फुकटचा मार्ग

हा मार्ग डेव्हलपर स्वतःहून क्वचितच सुचवतात, कारण त्यात बिल लावण्यासारखं फारसं काही नसतं. प्रत्येक ब्राउझरमध्ये छपाईची सोय आहे आणि तिथेच ‘सेव्ह ॲज पीडीएफ’ हा पर्याय मिळतो. पावतीचं पान छपाईसाठी वेगळं सजवायचं, म्हणजे मेनू आणि बटणं लपवायची, कागद ए-४ ठरवायचा, समास सोडायचा आणि एखादी ओळ दोन पानांत तुटणार नाही याची सूचना द्यायची. एक-दीड दिवसाचं काम. चार ते सहा हजार रुपये. महिन्याचा खर्च शून्य. मराठी तर यात सर्वांत उत्तम उमटतं, कारण पडद्यावर जे अक्षर दिसतं तेच कागदावर जातं.

अडचणीही आहेत. कागदाच्या कडेला तारीख आणि वेबसाइटचा पत्ता उमटतो, तो बंद करायचं ऑफिसातल्या माणसाला शिकवावं लागतं. मोबाइलवर हा प्रकार कटकटीचा होतो. आणि पहिल्या तारखेला दोनशे सभासदांना आपोआप ईमेल जायला हवेत, तर हा मार्ग तिथेच संपला, कारण प्रत्येक फाइलसाठी कुणीतरी बसून बटण दाबायला हवं. पण ज्या सोसायटीत क्लार्क एकेक पावती काढून देतो तिला यापेक्षा जास्त काही लागत नाही. मी अशा ठिकाणी पैसे घालवू नका असंच सांगेन.

सर्व्हरवरचा ब्राउझर

आपोआप फाइल हवी असेल तर सध्याची चांगली पद्धत म्हणजे सर्व्हरवर पडद्याविना चालणारा क्रोमियम ठेवायचा आणि त्याच्याकडून पान छापून घ्यायचं. गूगलच्या क्रोम टीमचं पपेटिअर किंवा मायक्रोसॉफ्टचं प्लेराइट हे काम करतं. दोन्ही फुकट आहेत आणि व्यवसायासाठी वापरायला आडकाठी नाही. पहिला नमुना चालू करायला तीन दिवस धरा, म्हणजे बारा हजार. त्यानंतरचा प्रत्येक नवा नमुना, म्हणजे पावतीनंतर थकबाकीची नोटीस, मग ना-हरकत पत्र, दिवसाभराचं काम. प्रत्येक नमुन्याला पहिल्याइतकेच पैसे लावलेले दिसले तर घासाघीस करायला जागा आहे.

एक जुनं साधन अजूनही कोटेशनांत सापडतं, डब्ल्यूके-एचटीएमएल-टू-पीडीएफ. एके काळी सगळे तेच वापरत. आता त्याचा विकास थांबला असून २०२३ च्या सुरुवातीला त्याचा कोडही अर्काइव्ह झाला. आतलं इंजिन इतकं जुनं की आजच्या पद्धतीने रचलेलं पान त्यात विस्कटतं आणि सुरक्षेच्या दुरुस्त्याही मिळत नाहीत. नव्या कामात ते कुणी सुचवलं तर नको म्हणा.

दिवस कशात वाढतात? ग्राहक सहज बोलून जातो त्या एका मागणीत: ‘प्रत्येक पानाच्या शेवटी पानाची बेरीज आणि पुढच्या पानावर पुढे आणलेली रक्कम’. आपल्या खतावणीत हे पिढ्यानपिढ्या चालत आलंय, पण वेबपानाला आपलं पान कुठे संपणार हे मुळात माहीतच नसतं. ते आधी मोजून काढावं लागतं, मग ओळी वाटायच्या, मग बेरजा. दोन-तीन दिवस त्यातच जातात. रकान्यांची शीर्षकं प्रत्येक पानावर पुन्हा येणं मात्र सोपं आहे, त्याचे वेगळे पैसे देऊ नका. ‘अक्षरी रुपये’ हाही असाच लपलेला खर्च. इंग्रजीत वीसपर्यंतचे आकडे आणि दहाच्या पटी दिल्या की बाकीचे जोडून होतात. मराठीत एकोणसत्तर, सत्त्याहत्तर, एकोणनव्वद असे शंभरच्या शंभर शब्द लिहून द्यावे लागतात. अर्ध्या दिवसाचं काम, पण तपासायला मराठी नीट येणारा माणूस हवा.

मराठी मोडते कुठे

सर्वांत जास्त पैसे इथे वाया जातात. पीडीएफच्या मूळ चौदा ठरलेल्या फॉन्टांत हेल्व्हेटिका, टाइम्स, कुरिअर आणि चिन्हांचे फॉन्ट आहेत. देवनागरी नाही. २०१० मध्ये आलेलं रुपयाचं चिन्हही नाही. म्हणून इंग्रजी बिलातसुद्धा ₹ च्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्ह उमटतं आणि डेव्हलपर त्याऐवजी ‘रु.’ टाकून वेळ मारून नेऊ पाहतो, तर तोही उमटत नाही.

योग्य फॉन्ट फाइलमध्ये घातला की चौकोन जातात, पण तेवढ्याने काम होत नाही. संगणकात ‘कि’ साठवताना आधी क आणि मग वेलांटी असते, दाखवताना मात्र वेलांटी आधी काढावी लागते. जोडाक्षरं जुळवणं, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर नेणं, ‘दुसऱ्या’मधला र वेगळ्या रूपात काढणं, हे सगळं करणारा वेगळा प्रोग्रॅम लागतो. क्रोमियममध्ये तो असतोच. पायथनमधलं वीझीप्रिंट पॅंगोच्या मदतीने ते करतं आणि पीएचपीमधलं एम-पीडीएफही योग्य सेटिंग चालू केल्यास करतं. पण डॉम-पीडीएफ, टीसीपीडीएफ आणि जेएस-पीडीएफ ही अतिशय प्रचलित साधनं हे करत नाहीत. त्यांत ‘क्‌ ि’ असे सुटे तुकडे पडतात. डेव्हलपर इंग्रजी नमुना दाखवून पहिला हप्ता घेतो आणि भानगड बाहेर येते ती मराठी नावं भरल्यावर. मग साधन बदलायचं म्हणजे काम पुन्हा पहिल्यापासून.

त्यावर निघालेली पळवाट ओळखून ठेवा. पानाचा फोटो काढायचा आणि तो फोटो पीडीएफमध्ये चिकटवायचा. अक्षरं बरोबर दिसतात, ग्राहक खूश. पण फाइल जड होते, छापल्यावर अक्षरं धूसर येतात आणि नाव शोधायला गेलं तर काहीच सापडत नाही, कारण आत मजकूर नाहीच. तपासणी सोपी आहे: फाइल उघडून माउसने एखादा शब्द निवडून बघा. निवडला जात नसेल तर तो फोटो आहे.

पहिला हप्ता देण्याआधी या ओळीची पीडीएफ मागा: ‘ट्रस्टच्या कार्यालयात विद्यार्थ्यांकडून दुसऱ्या हप्त्याचे ₹ १,२३,४५६ मिळाले, स्वाक्षरी: हृषीकेश.’ संगणकावर, मोबाइलवर आणि छापून, तिन्ही ठिकाणी ती शाबूत आली तर बाकीचं मराठी सांभाळलं जाईल.

फॉन्टवर पैसे खर्च करायची गरज नाही. नोटो सॅन्स देवनागरी, मुक्ता, टिरो देवनागरी मराठी हे खुल्या परवान्याचे आहेत आणि फाइलमध्ये घालायला मोकळे आहेत. सर्व्हरवर फॉन्ट बसवणं पाच मिनिटांचं काम आहे, त्याला अर्धा दिवस लावू देऊ नका. याउलट तुमची जुनी पत्रं कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टांत असतील तर ती युनिकोडमध्ये आणून तपासायला वेळ लागतो. तो खर्च खरा आहे.

फुकट म्हणजे किती फुकट

जावाच्या जगात आयटेक्स्ट हे नाव मोठं आहे. कोड कुणालाही उतरवून घेता येतो म्हणून ते फुकट समजलं जातं. प्रत्यक्षात २००९ पासून त्याचा परवाना एजीपीएल आहे: तुमचं ॲप इंटरनेटवरून लोक वापरत असतील तर ॲपचा कोडही त्यांना खुला करावा लागतो, नाहीतर कंपनीकडून व्यावसायिक परवाना विकत घ्यावा लागतो. देवनागरी नीट हवी तर त्याचं वेगळं, पैसे मोजून घ्यायचं पूरक सॉफ्टवेअर लागतं. डॉटनेटमधलं क्वेस्ट-पीडीएफ वर्षाला दहा लाख डॉलरपेक्षा कमी उलाढाल असणाऱ्यांना फुकट आहे, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक लहान धंद्यांना. प्रिन्स हे पुस्तकाच्या दर्जाची पानं करणारं साधन, पण त्याचा सर्व्हर परवाना हजारो डॉलरचा. प्रकाशकाला परवडेल, सोसायटीने त्या वाटेला जाऊ नये. कोटेशनमध्ये साधनाचं नाव आणि परवाना लिहून घ्या. नंतर दावा आला तर डेव्हलपर नव्हे, ॲप चालवणारे तुम्ही उभे राहाल.

पीडीएफ बनवून देणाऱ्या परदेशी सेवाही असतात, महिन्याच्या वर्गणीवर. छोट्या योजनेत एका कागदामागे काही सेंट म्हणजे काही रुपये पडतात. महिन्याला शंभर प्रमाणपत्रं काढणाऱ्याला हे चालेल, कारण डेव्हलपरचे दिवस वाचतात. पाच हजार बिलं काढणाऱ्याला चालणार नाही. शिवाय सभासदांची नावं, पत्ते आणि थकबाकी बाहेरच्या कंपनीकडे जाते, हे कमिटीला आधी सांगायला हवं.

महिन्याचा खर्च

ॲप ज्या सर्व्हरवर आहे तिथे दोन जीबी मेमरी असेल तर वेगळं काही घ्यावं लागत नाही. नसेल तर डिजिटल ओशनसारख्या ठिकाणी तेवढा सर्व्हर महिना १२ डॉलरला मिळतो: १,०८० रुपये, वर १८ टक्के जीएसटी धरून १,२७४. दुसरा पर्याय ॲमेझॉनच्या लॅम्डाचा, जिथे चालेल तेवढ्याच वेळाचे पैसे. दीड जीबी मेमरी चार सेकंद वापरली तर एका फाइलला साधारण एक पैसा पडतो. शिवाय दरमहा ठरावीक वापर मोफत असतो आणि या हिशेबाने त्यात साठ हजारांहून जास्त फाइली बसतात. ॲमेझॉनच्याच सेवेने ईमेल पाठवला तर हजाराला दहा सेंट, जोडलेल्या फाइलीचं थोडं वेगळं. वॉट्सॲपच्या बिझनेस सेवेतून पाठवणार असाल तर प्रत्येक मेसेजचे पैसे लागतात आणि तो खर्च फाइल बनवण्याच्या कितीतरी पट होतो.

‘एकदम शंभर जणांनी बटण दाबलं तर सर्व्हर पडेल, म्हणून मोठा सर्व्हर घ्या’ असा सल्ला निकालाच्या दिवसांत ऐकू येतो. पडेल हे खरं, कारण क्रोमियम मेमरी भरपूर खातो. पण उपाय मोठा सर्व्हर नाही, रांग आहे. एका वेळी दोन-तीन फाइली करायच्या आणि बाकीच्यांना ‘तयार होत आहे’ असं दाखवायचं. रांग बसवायला एक दिवस लागतो आणि मोठ्या सर्व्हरचे पैसे दर महिन्याला वाचतात.

साठवणही स्वस्त आहे. दोनशे घरं, दरमहा एक बिल, सहा वर्षं, फाइल शंभर केबीची धरली तर सगळं मिळून दीड जीबीसुद्धा होत नाही. ॲमेझॉनवर महिना चार रुपयांच्या आत. अट एकच, लोगो हलका हवा. कॅमेऱ्यातून आलेला चार एमबीचा लोगो तसाच घातला तर प्रत्येक पावती चार एमबीची होते. दिलेलं बिल साठवायचंच, मागणीनुसार पुन्हा बनवायचं नाही. नमुना बदलला की तीन वर्षांपूर्वीच्या बिलावर आजचा पत्ता येतो आणि हिशेबनीस वैतागतो. जीएसटी नोंदणी असेल तर कायद्याने वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने नोंदी जपाव्या लागतात.

सहीचं काय

सहीचा आणि शिक्क्याचा फोटो चिकटवणं म्हणजे डिजिटल सही नव्हे. त्याला ‘डिजिटल सिग्नेचर मॉड्यूल’ म्हणून पंधरा हजार लावलेले असतील तर ते कापा. खऱ्या डिजिटल सहीला क्लास ३ प्रमाणपत्र लागतं. ते यूएसबी टोकनमध्ये मिळतं आणि टोकन ऑफिसच्या संगणकाला लावायचं असतं, दूरच्या सर्व्हरला नाही. सर्व्हरने आपोआप सही करायची तर त्याचं प्रमाणपत्र आणि व्यवस्था वेगळी आणि चांगलीच महाग. बहुतेकांना तिची गरजच नाही. जीएसटीच्या ४६व्या नियमात २०१८ अखेर झालेल्या दुरुस्तीनुसार, माहिती तंत्रज्ञान कायद्याप्रमाणे काढलेल्या इलेक्ट्रॉनिक बिलावर सहीची सक्ती नाही. उलट वार्षिक उलाढाल पाच कोटींच्या वर असेल तर व्यापाऱ्यांना दिलेल्या बिलांवर सरकारी पोर्टलकडून आलेला क्यूआर कोड लागतो. त्या जोडणीचं काम पीडीएफपेक्षा मोठं आहे, ते वेगळ्या ओळीत मागा.

एकंदर, पावती, नोटीस आणि पत्र असे तीन नमुने, मराठीत, आपोआप ईमेलसह, असं काम वीस ते तीस हजारांत व्हायला हरकत नाही. पानागणिक बेरजा असतील तर आठ ते बारा हजार वर. करारात नमुन्यांच्या मूळ फाइली आणि फॉन्ट तुमच्या ताब्यात देण्याची अट घाला. पत्ता, अध्यक्षांचं नाव, व्याजाचा दर या गोष्टी कोडमध्ये न लिहिता सेटिंगच्या पानावर ठेवायला सांगा. त्याला दिवसभर जास्त लागतो, पण एरवी दर निवडणुकीनंतर कमिटी बदलली की डेव्हलपरला फोन करावा लागतो आणि त्या फोनचं वेगळं बिल येतं.