जखमेवरची हळद आणि अमेरिकेचे पेटंट

प्रश्न : परदेशात कुणी हळदीच्या लेपाचे पेटंट घेतले, तर आम्हाला तो विकता येणार नाही का? (औषधविक्रेता, अकोला)

उत्तर : येईल. पेटंट ज्या देशाचे, त्याच देशात चालते. मात्र माल तिकडे पाठवला, तर पेटंटधारक आयात अडवू शकतो.

ही वेळ खरोखरच आली होती. मार्च १९९५ मध्ये जखमेवर हळद वापरण्याचे पेटंट अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने (सीएसआयआर) त्याला आव्हान दिले, संस्कृत, हिंदी, उर्दू लिखाणातले ३२ संदर्भ मांडले आणि १९९७ मध्ये ते रद्द करवले. घरोघरचा अनुभव तिथे पुरेसा नव्हता. छापील पुरावाच लागला. वऱ्हाडातली औषधी माहितीही म्हणूनच तातडीने लिहून ठेवायला हवी.

भारतात पारंपरिक ज्ञानावर पेटंट मिळत नाही. लेप बनवून विकायला आयुर्वेदिक उत्पादनाचा परवाना मात्र लागतोच.