ही तिळवण का? : रानरोपाची ओळख



मागच्या महिन्यात शनिवारचा वर्ग सुटल्यावर आम्ही काही मुले, दोघी आया आणि सुट्टीत पुण्याहून आलेल्या एक आजी असे तांजोंग पगारला पायी फिरत होतो. (यातला 'पगार' पहिल्या तारखेला मिळतो तो नव्हे! मलय भाषेत तांजोंग म्हणजे भूशिर आणि पगार म्हणजे कुंपण.) नील रोडजवळ डक्स्टन प्लेन पार्क नावाची एक लांब, चिंचोळी बाग आहे. तिथल्या पायवाटेच्या कडेला सिमेंटच्या भेगेतून वीतभर उंचीचे एक रोप वर आले होते. फुले निळसर जांभळी. नाव कोणालाच ठाऊक नव्हते.

"मेथी!" तिसरीतला एक मुलगा म्हणाला, कारण पाने तीन-तीन होती. आजी वाकून पाहू लागल्या. "मेथी कुठली? ही तर तिळवण. पावसाळ्यात आम्ही हिची भाजी करायचो. घ्या की मूठभर." एका आईने पिशवी उघडलीसुद्धा.

आम्ही त्यांना थांबवले. एक तर सिंगापूरच्या उद्यानांत आणि राखीव वनांत परवानगीशिवाय झाडेफुले तोडायला कायद्याने मनाई आहे. दुसरे म्हणजे ओळख पक्की झाल्याशिवाय रानातले काहीही तोंडात घालायचे नाही, मग ओळख सांगणारे कितीही वडीलधारे असोत. तेव्हा रोप न तोडता आम्हीच वही, पेन्सिल, पट्टी आणि भिंग घेऊन जमिनीवर बसलो.

आधी पान पाहिले. इथे पहिलीच गंमत झाली. मुलांनी मोजून 'पाने तीन' असे लिहिले, पण ती तीन पाने नव्हती. ते एकच संयुक्त पान होते आणि त्याला तीन पर्णिका होत्या. हे कसे ओळखायचे? पानाचा देठ खोडाला जिथे मिळतो तिथे, त्याच्या बगलेत, कळी, कोंब किंवा फूल असते. पर्णिकेच्या बगलेत तसे काही नसते. आमच्या रोपाची फुले तिन्ही पर्णिकांच्या सामाईक देठाच्या बगलेतून निघाली होती. म्हणजे पान एक.

पण एवढ्याने नाव सापडत नाही. मेथी त्रिपर्णी, आंबुशी त्रिपर्णी, बेलही त्रिपर्णी. पळसाला पाने तीनच हे खरे, पण तीन पाने दिसली की पळस असे काही होत नाही.

मग फुलाकडे वळलो. मेथीच्या फुलाला पाच पाकळ्या असतात. वर एक मोठी, दोन बाजूंना पंखांसारख्या दोन आणि खाली होडीसारख्या जुळलेल्या दोन. आंबुशीलाही पाचच, पिवळ्या आणि सारख्या. आमच्या फुलाला मात्र चारच पाकळ्या होत्या. त्या सुट्या होत्या आणि चारही एकाच बाजूला, हाताची चार बोटे वर करावीत तशा उभ्या. मधल्या दोघींवर फिकट पिवळसर पट्टा. मेथी आणि आंबुशी दोन्ही बाद झाल्या.

चार पाकळ्या म्हटल्यावर एका आईला मोहरी आठवली. मोहरीच्या पाकळ्याही चार, पण त्या अधिकच्या चिन्हासारख्या पसरलेल्या असतात. मोहरीला पुंकेसर सहा असतात, आमच्या फुलालाही सहाच निघाले. फळ पाहिले तर तेही मोहरीसारखे, लांब, बारीक आणि वर टोक काढलेली शेंग. मोहरीचे कुल आणि तिळवणीचे कुल एकमेकांचे जवळचे नातलग आहेत. म्हणजे आजींचा अंदाज अगदीच चुकीचा नव्हता.

आता राहिला प्रश्न, तिळवण कोणती? पिवळी तिळवण, जिला कानफुटी असेही म्हणतात, तिची फुले पिवळी, खोड बोटांना चिकटणारे आणि पुंकेसर सहापेक्षा बरेच जास्त. पांढऱ्या तिळवणीला बहुधा पाच पर्णिका असतात आणि तिचे पुंकेसर फुलाच्या तळातून न निघता एका उंच दांड्यावरून फुटल्यासारखे दिसतात. आमच्या रोपाचे खोड चिकट नव्हते, पर्णिका तीन होत्या, पुंकेसर तळातूनच निघाले होते. आजी भिंगातून बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "नाही बाई, ही आमची नव्हे."

घरी येऊन पुस्तकांतील वर्णनांशी टिपणे ताडून पाहिली. एकूण एक खूण जुळली ती क्लिओमी रुटिडोस्पर्मा या रोपाशी. हे नाव द कांदोल या शास्त्रज्ञाने 1824 साली दिले. त्याचा अर्थ सुरकुतलेल्या बियांची. मूळ घर उष्ण कटिबंधातील आफ्रिका. तिथून ती आग्नेय आशियात आली आणि भारतातही पसरली आहे. हिच्या बीला एक पांढरट, मांसल भाग चिकटलेला असतो. त्यासाठी मुंग्या बी ओढून नेतात. सिमेंटच्या भेगेत रोप उगवण्याचे कारण बहुधा हेच. वहीत आम्ही 'निळी तिळवण' असे लिहिले आहे, पण हे नाव आमचे, पुस्तकातले नव्हे, हे ध्यानात असू द्या.

भाजीचे काय? आफ्रिकेत काही ठिकाणी हिची कोवळी पाने खातात. तरीही रस्त्याकडेच्या रोपावर तणनाशक फवारलेले असू शकते, म्हणून आमचे उत्तर नाहीच. आजी जरा हिरमुसल्या. मग त्यांना सांगितले की त्यांची पांढरी तिळवण मलय लोकही खातात. तिला ते 'मामान' म्हणतात. मलेशियातल्या नगरी सेंबिलान भागात तिचे लोणचे घालतात, रेंदांगही करतात. "मग ते लोणचे कुठे मिळते तेवढे शोधा," आजी म्हणाल्या.

स्वाध्याय : आपल्या इमारतीखालच्या कुंड्यांत भुईआवळा पुष्कळदा आपोआप उगवतो. त्याची बारीक पाने दोन ओळींत, चिंचेच्या पानासारखी दिसतात आणि त्यांच्या खालच्या बाजूला इवलीशी गोल फळे लटकतात. चिंचेचे ते एक संयुक्त पान असते. मग भुईआवळ्याचे ते एक पान की अनेक पानांची डहाळी? फळ कोठून निघाले आहे ते नीट पाहा, रोप न उपटता चित्र काढा आणि पुढच्या शनिवारी वही घेऊन या.