वाळू-खडीची खाण व तिचें तारण

इमारतीचें काम निघालें कीं आवारांत वाळू व खडी यांचे ढीग पडतात. मुकादम ते ब्रासांत मोजतो, मजूर वाळू चाळतात, लहान मुलें ढिगावर खेळतात. परंतु हा ढीग जेथून आला तेथें केवढा खड्डा पडला असेल, हा प्रश्न क्वचितच कोणाच्या मनांत येतो. प्रस्तुत लेखांत त्या खड्ड्याचा विचार करावयाचा आहे. खाण चालू असतांना तिजवर देखरेख कोणी ठेवावी, आणि माल संपल्यावर ती जमीन पुन्हां उपयोगी करण्याचा खर्च कोणी सोसावा?

वाळू व खडी ह्या वस्तु जड असून स्वस्त आहेत. त्या लांबून आणावयाच्या तर भाडेंच भारी पडतें. म्हणून त्यांच्या खाणी बहुधा शहरांजवळ निघतात. शिवाय हा माल नदी-ओढ्यांनीं आणून टाकलेला असतो. डोंगरांतून वेगानें उतरणारा प्रवाह सपाटीवर आला म्हणजे त्याचा जोर ओसरतो, व बरोबर आणलेले गोटे, खडी आणि वाळू तो क्रमाक्रमानें खालीं टाकतो. ह्याच थरांच्या पोकळींत पाणी मुरतें. म्हणजे गवंड्याचें कोठार व विहिरींचें कोठार पुष्कळदां एकच असतें, आणि सर्व तंट्याचें मूळ येथें आहे.

अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यांत ह्याचें चांगलें उदाहरण सांपडतें. सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या पूर्वेस लिव्हरमोर व प्लेझंटन ह्या शहरांच्या मध्यें एक खोरें आहे. अरॉयो मोचो व अरॉयो डेल व्हॅले ह्या ओढ्यांनीं तेथें खडीचे जाड थर घातले. उपसागराभोंवतालीं शहरें वाढलीं तशी ह्या खडीस मागणी वाढली, आणि खोऱ्यांत एकास लागून एक असे खोल खड्डे पडले.

अशा ठिकाणांसाठीं त्या राज्यानें १९७५ सालीं कायदा केला. अगदीं किरकोळ खोदकाम सोडून, खाण चालविणाऱ्यानें जमीन पुढें कशी सोडून जाणार याचा आराखडा तयार करून तो स्थानिक प्रशासनाकडून मंजूर करून घेतला पाहिजे, असा त्याचा मुख्य नियम आहे. वरची सुपीक माती वेगळी काढून जतन करावी, खड्ड्याच्या कडा उतरत्या व स्थिर कराव्या, माती परत पसरून तींत झाडोरा रुजवावा, इत्यादि गोष्टी आराखड्यांत येतात. मोशेच्या नियमशास्त्रांतील शेतकऱ्यास सातव्या वर्षीं भूमीस विसावा द्यावयाचा आहे हें पेरण्यापूर्वींच ठाऊक असे. त्यांतलाच हा प्रकार.

परंतु नुसता आराखडा म्हणजे कागद. माल संपला, कंपनी बुडाली अगर निघून गेली, तर कागद घेऊन कोणाकडे जावें? म्हणून १९९० सालच्या दुरुस्तीनें तारणाची अट आली. जमीन पूर्ववत् उपयोगी करण्यास जो खर्च लागेल त्याचा अंदाज काढून तेवढ्या रकमेची हमी खाणवाल्यानें द्यावयाची. आणि खड्डा वाढेल तसा हा अंदाज दरवर्षीं पुन्हां तपासावयाचा. खाणवाल्यानें काम टाकलें तर त्या पैशांतून प्रशासन तें पुरें करतें. माझ्या मतें ह्या कायद्याचा प्राण येथें आहे. सचोटीच्या मनुष्यास ह्या अटीचा जाच फारसा होत नाहीं, आणि दुसऱ्या प्रकारच्या मनुष्याचें वचन तिच्यावांचून कवडीमोल असतें.

निरीक्षणाचा नियमही विचारपूर्वक केलेला दिसतो. प्रत्येक खाणीची वर्षांतून निदान एकदां तपासणी झाली पाहिजे. तिचा खर्च खाणवाल्यानें द्यावयाचा, परंतु निरीक्षक मागील बारा महिन्यांत त्या खाणीच्या नोकरींत असतां कामा नये. काम जवळजवळ थांबवून ‘खाण अजून चालूच आहे’ अशी सबब सांगत वर्षानुवर्षें खड्डा उघडा ठेवण्याचीही सोय नाहीं. उत्पादन एका वर्षाहून अधिक काळ नव्वद टक्क्यांहून जास्त घटलें, तर त्या काळाची वेगळी व्यवस्था मंजूर करून घ्यावी लागते. शिवाय नियम पाळणाऱ्या खाणींची यादी राज्य प्रसिद्ध करतें, व यादीबाहेरील खाणीचा माल सरकारी कामांस घेतां येत नाहीं. दंडापेक्षां ही यादी अधिक परिणामकारक असावी, कारण सडका बांधणारें सरकार हेंच मोठें गिऱ्हाईक!

लिव्हरमोरच्या खोऱ्यांतील खड्डे बुजविण्याजोगे नव्हते. १९८१ सालच्या योजनेनें त्यांची सरोवरांची मालिका करून तीं क्रमाक्रमानें तेथील पाणीपुरवठा संस्थेकडे सोंपवावयाचें ठरलें. अशा सरोवरांतून भूगर्भांत पाणी मुरवितां येतें. येथें एक अडचण ध्यानांत ठेवावी: खडी धुतांना निघणारा बारीक गाळ खड्ड्याच्या तळाशीं बसला, तर तो झांकणासारखा होऊन पाणी मुरूं देत नाहीं. जवळच शॅडो क्लिफ्स नांवाचें सार्वजनिक उद्यान आहे. तेथील सरोवरही पूर्वीं खडीची खाण होतें. तथापि सरोवर म्हणजे शेत नव्हे, व गेलेली खडी परत येत नाहीं, हेंही प्रांजळपणें सांगितलें पाहिजे.

आपल्या देशांत हा प्रश्न विशेषेंकरून नदीच्या पात्रांत दिसतो. १९५७ च्या कायद्यानें वाळू व खडी हीं गौण खनिजें ठरून त्यांचे नियम राज्यांकडे आले. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणें पर्यावरणविषयक पूर्वमंजुरी पांच हेक्टर व त्यावरील खाणपट्ट्यांसच लागे; तेव्हां लहान पट्टे पाडले कीं ती टळे. २७ फेब्रुवारी २०१२ रोजीं दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य ह्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें ही पळवाट बंद केली. महाराष्ट्रांत चोरटा उपसा करणाऱ्यास बाजारभावाच्या पांचपटीपर्यंत दंड करण्याची तरतूद आहे. तरीही रात्रीं उपसा चालतो. वाळू गेल्यानें कांठच्या विहिरींचें पाणी खालीं जातें, पुलांचे पाये उघडे पडतात, आणि पाण्यानें झांकलेल्या खड्ड्यांत पोहावयास उतरलेलीं मुलें बुडतात.

नदीच्या बाबतींत मात्र एक सोय आहे: पावसाळ्यांत ती कांहीं वाळू स्वतःच परत आणते. ती किती, हें मोजूनच उपशाचें प्रमाण ठरवावें, असें केंद्र सरकारच्या २०१६ व २०२० च्या मार्गदर्शक सूचनांचें धोरण आहे. ह्यासाठीं पावसाळ्यापूर्वीं व नंतर पात्राची पातळी मोजतात. विद्यार्थ्यांनीं हा हिशेब करून पाहावा. १०० मीटर लांब व ४० मीटर रुंद पट्ट्यावर सरासरी अर्धा मीटर वाळू चढली, तर ती २,००० घनमीटर झाली. म्हणजे सातशें ब्रासांहून किंचित् अधिक. लिलाव दोन हजार ब्रासांचा निघाला असेल, तर उरलेले तेराशें ब्रास कोठून यावयाचे, हें गांवकऱ्यांनीं ग्रामसभेंत विचारावें.