टोल थकल्याचा खोटा मेसेज



ऊस वाहतुकीचे ट्रक असोत की घरची जीप, राष्ट्रीय महामार्गाच्या नाक्यावर फेब्रुवारी 2021 पासून फास्टॅग सक्तीचा झाला. त्याच फास्टॅगच्या नावाने आता मेसेज येतात. 'आपल्या वाहनाचा टोल बाकी आहे, आज न भरल्यास टॅग बंद होईल', आणि खाली लिंक. गटात फिरताना सभासद मोबाईल पुढे करून आम्हाला विचारतात, "साहेब, हे भरायचं का?"

भरायचं नाही. रक्कम बहुधा किरकोळ दाखवलेली असते, चाळीस-पन्नास रुपये. एवढ्यासाठी कटकट नको म्हणून माणूस भरून मोकळा होतो. चोराला ते पन्नास रुपये नकोच असतात. लिंक दाबली की बँकेसारखे दिसणारे पान उघडते. त्यावर गाडीचा नंबर, मग कार्डाचा नंबर आणि शेवटी मोबाईलवर आलेला ओटीपी मागतात. तो ओटीपी पन्नास रुपयांचा नसतो. खात्यात उसाची पहिली उचल नुकती जमा झालेली असेल, तर ती सगळी त्या वाटेने जाऊ शकते.

दुसरा प्रकार याहून वाईट. व्हॉट्सअ‍ॅपवर दंडाचे चलन म्हणून फाईल येते, तिच्या नावाच्या शेवटी 'एपीके' असते. ते चलन नव्हे, ते अ‍ॅप असते. ते मोबाईलमध्ये घेऊन मेसेज वाचायची परवानगी दिली, की ओटीपी आपण कुणाला न सांगताही परस्पर चोराकडे जातो. अशी फाईल ओळखीच्या माणसाच्या नंबरवरूनही येते, कारण त्याचा मोबाईल आधीच चोराच्या ताब्यात गेलेला असतो. तेव्हा पाहुण्याने पाठवली म्हणून उघडू नये.

बेणे आपण कुणी दारात आणून टाकले म्हणून लावत नाही; प्लॉट बघून आणतो. इथेही तसेच करावे. टॅगमध्ये पैसे कमी आहेत का, हे ज्या बँकेचा टॅग आहे तिच्या अ‍ॅपमध्ये किंवा शाखेत जाऊन पाहावे. महामार्गाचा मदत क्रमांक 1033 आहे. 15 ऑगस्ट 2025 पासून सुरू झालेला वार्षिक पाससुद्धा 'राजमार्गयात्रा' अ‍ॅपवरून किंवा महामार्ग प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा. दहा आकडी साध्या मोबाईल नंबरवरून टोलची मागणी आली, तर ती खोटीच धरावी. राष्ट्रीय महामार्गाच्या 2008 च्या फी नियमांत ट्रॅक्टरला टोलच नाही, तरी नुसता ट्रॅक्टर असलेल्यालाही असले मेसेज येतात! चोर हजारो नंबरांवर एकदम जाळे टाकतो, कुणाकडे काय वाहन आहे ते बघत बसत नाही.

पैसे गेलेच, तर त्याच घटकेला 1930 ला फोन लावावा आणि बँकेला कळवून खाते व कार्ड बंद करायला सांगावे. पैसे चोराच्या खात्यातून पुढे सरकायच्या आत अडवता आले, तरच हाती लागण्याची आशा असते. लोक हसतील म्हणून काहीजण दोन-दोन दिवस गप्प बसतात, तेवढ्यात पैसा चार खाती फिरून निघून जातो. एपीके घेतली असेल, तर मोबाईलचे इंटरनेट बंद करून फोन दुसऱ्याच्या मोबाईलवरून करावा. आलेला मेसेज मात्र पुसू नये, तक्रारीला तोच पुरावा लागतो.