बी रुजतं कशाच्या जोरावर? दाण्यातल्या शिदोरीची गोष्ट



मुंबईत महालक्ष्मी सरस प्रदर्शनाला वांद्र्याला स्टॉल लावायला आपल्यातल्या काही जणी जाऊन आल्या असतील. वांद्र्याहून खाडी ओलांडली की लगेच माहीम लागतं. तिथला हलवा प्रसिद्ध आहे. कागदासारख्या पातळ वड्या, मधे कागद घातलेला, वर वेलची आणि सुकामेवा. जुन्या पद्धतीत हा हलवा गव्हाच्या चिकापासून करतात. म्हणजे आपण उन्हाळ्यात कुरडयांसाठी काढतो, तोच चीक!

पण गव्हाने हा चीक साठवला तो हलव्यासाठी नाही, कुरडईसाठीही नाही. तो साठवला आपल्या बाळासाठी. हे नीट समजलं तर पेरणीचे पैसे वाचतात. कसे, ते बघू.

दाण्यात काय असतं?

गव्हाच्या दाण्याचे तीन भाग. वरचं साल म्हणजे कोंडा. एका टोकाला इवलासा अंकुर, तेच बाळरोप. तो दाण्याच्या वजनाच्या जेमतेम 2 ते 3 टक्के असतो. बाकीचा बहुतेक पांढरा भाग म्हणजे त्या बाळाची शिदोरी. तिच्यात सगळ्यात जास्त असतो स्टार्च, म्हणजेच पिष्ट.

रोप ही शिदोरी साखरेच्या रूपात का साठवत नाही? साखर पाण्यात विरघळते, पाणी ओढून घेते. स्टार्च थंड पाण्यात विरघळत नाही, म्हणून तो दाण्यात महिनोन्‌महिने टिकतो. चीक काढताना बघा, रात्रभर ठेवला की पांढरा साका तळाशी बसतो आणि वरचं पाणी ओतून देता येतं. साखर असती तर पाण्याबरोबरच गेली असती.

पाणी मिळालं की काय होतं?

बी भिजलं की अंकुर जागा होतो आणि सालाखालच्या थराला निरोप धाडतो. तो थर अमायलेज नावाचा पाचक रस तयार करतो. हा रस स्टार्च तोडून त्याची साखर करतो. ती साखर खाऊन आधी मूळ खाली जातं, मग कोंब वर येतो. पान हिरवं होऊन उन्हात स्वतःचं अन्न करू लागेपर्यंत बाळाला या शिदोरीवरच निभवायचं असतं.

मोड आलेली नाचणी गोडसर लागते ती यामुळेच. मोडाच्या पिठाची पेज पातळही होते. त्यामुळे लहान मुलाच्या तेवढ्याच वाटीत जास्त पीठ बसतं आणि पोषण वाढतं.

सोयाबीन आणि भुईमुगाची शिदोरी मुख्यतः तेल आणि प्रथिनांची असते, पण नियम तोच.

मग पेरताना काय लक्षात ठेवायचं?

1. बारीक बी खोल पेरू नका. नाचणीची शिदोरी छोटी, ती वर येण्याआधीच संपते. सोयाबीनही 3 ते 4 सेंटिमीटरपेक्षा खोल नको.
2. बियाणं कोरडं ठेवा. साठवलेलं बीसुद्धा श्वास घेतं आणि थोडी थोडी शिदोरी खर्च करतं. ओल लागली की हा खर्च वाढतो, बुरशीही येते.
3. किडलेला दाणा पेरू नका. किडीने अंकुर खाल्ला तर शिदोरी असूनही खाणारं कोणी नाही.
4. सोयाबीनचं साल पातळ असतं. पोती आपटू नका, उंच थप्पी लावू नका, अंकुराला मार बसतो.
5. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्यावरच पेरा. पाऊस दडला तर अर्धवट रुजलेल्या बियाची शिदोरी खर्च होते आणि रोप वाळतं. परत तेच बी रुजत नाही. मग दुबार पेरणी, म्हणजे पुन्हा कर्ज.

गटाच्या बैठकीत करून बघा

*शिदोरी बघा :* भात, बटाट्याची फोड आणि साखर वेगवेगळ्या बशीत घ्या. जखमेवर लावायच्या आयोडीनचे दोन थेंब पाण्यात मिसळून प्रत्येकावर टाका. स्टार्च असेल तिथे निळा-काळा रंग येतो, साखरेवर येत नाही. तपासलेले पदार्थ खायचे नाहीत, टाकून द्यायचे.

*उगवण तपासा :* पोत्याच्या वरून, मधून, तळातून मूठ मूठ बी काढा. न निवडता 100 दाणे मोजा. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडा, गुंडाळी करा, सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. सोयाबीनचे कोंब सहा-सात दिवसांनी मोजा. 70 किंवा जास्त धडधाकट आले तर बियाणं चांगलं. थोडे कमी आले तर त्या प्रमाणात बियाणं वाढवा. फारच कमी आले तर ते पेरू नका.

या तपासणीला लागतं एक गोणपाट आणि एक आठवडा. प्रत्येक घरच्या बियाण्याचा आकडा गटाच्या वहीत लिहून ठेवा. बियाण्यासाठी कर्ज मागायच्या आधी तो आकडा एकदा बघा. घरातलं बी धड असेल तर विकत घ्यायचं कारण काय?