उणे तीस अंशांत खुराड्याची झडप उघडी का ठेवायची?

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत मिनेसोटा राज्यात राहते. तिने घराच्या परसात सहा कोंबड्या पाळल्या आहेत. जानेवारीत तिकडे पारा उणे तीसपर्यंत उतरतो, तरी ती खुराड्यात हीटर लावत नाही. उलट छपरालगतच्या झडपा उघड्या ठेवते. आमच्याकडे पारा पाच-सहावर आला की पोल्ट्रीवाले शेडचे पडदे सोडतात, ब्रूडर पेटवतात. तिच्या कोंबड्या गारठून मरणार नाहीत का? की मुलीचे काही चुकते आहे?
— एक वाचक, निफाड

उत्तर : मुलीचे काही चुकत नाही. झडपा तर तिने कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नयेत, अगदी तुमच्याही नाही. अंग कोरडे असेल, पोट भरलेले असेल आणि थेट वारा लागत नसेल, तर धडधाकट मोठी कोंबडी थंडीला पुरून उरते. ती हरते ती ओलाव्यापुढे.

कोंबडीच्या अंगाचे तापमान ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास असते, म्हणजे आपल्यापेक्षा चारेक अंशांनी जास्त. ही ऊब पिसे राखतात. वरची पिसे वारा अडवतात आणि त्यांखालची मऊ लव हवा धरून ठेवते. गारठा वाढला की कोंबडी अंग फुगवून बसते, कारण फुगवल्याने हवेचा थर जाड होतो. तिच्या उघड्या पायांचीही सोय निसर्गाने केलेली आहे. पायात उतरणाऱ्या गरम रक्ताच्या वाहिन्या आणि वर येणाऱ्या थंड रक्ताच्या वाहिन्या एकमेकींना खेटून असतात. उतरणारे रक्त आपली बरीचशी ऊब वर येणाऱ्या रक्ताला देऊन टाकते. पाय गार राहतात, पण अंगातली ऊब पायावाटे वाहून जात नाही.

रात्री ती दांडीवर बसते, पोटाची पिसे पायांवर पसरते आणि चोच पंखात खुपसते. म्हणून थंड मुलखात दांडी गोल आणि बारीक नसावी. चार बोटे रुंद, सपाट फळी हवी. गोल दांडी बोटे वळवून धरावी लागते आणि बोटांची टोके पिसांबाहेर राहतात. सपाट फळीवर अख्खे पाऊल पोटाखाली झाकले जाते. मुलीला एवढे जरूर विचारा, की दांडी कशी आहे.

आता झडपांचे. सहा कोंबड्या रात्रभर श्वास टाकतात, आणि त्यांच्या विष्ठेत तीन चतुर्थांश पाणीच असते. थंड हवेत बाष्प फार कमी मावते. खुराडे गच्च बंद केले तर ते बाष्प छताला आणि भिंतींना चिकटते, गोठते, आणि कोंबड्यांच्या पिसांवर व तुऱ्यावरही बसते. ओली गोधडी पांघरून झोपल्यावर जे होईल तेच मग कोंबडीचे होते. बाहेर उणे वीस असताना कोरड्या खुराड्यात तुरे सुखरूप राहतात, आणि दमट खुराड्यात पारा शून्याच्या थोडा खाली गेला तरी हिमदंश होऊ शकतो. शिवाय विष्ठेतून अमोनिया निघतो. तो डोळे चुरचुरवतो आणि श्वासाचे आजार ओढवून आणतो.

पारख सोपी आहे. सकाळी खुराड्याच्या काचेवर आतून दव किंवा बर्फाची नक्षी दिसली, तर हवा पुरेशी खेळत नाही. दुसरी पारख अशी, की कोंबडीचे डोके जिथे असते त्या उंचीवर आपले डोके नेऊन दोन-चार श्वास घ्यायचे. नाक झणझणले तर खालची भुशाची गादी बदलायची वेळ झाली, आणि झडपाही अपुऱ्या आहेत. मात्र हवा खेळणे वेगळे आणि वारा लागणे वेगळे. झडपा कोंबड्यांच्या डोक्यांच्या बऱ्याच वर हव्यात, म्हणजे दमट हवा वरच्या वर निघून जाते. दांडीच्या उंचीला फट नको. पातळ कागदाची पट्टी दांडीपाशी धरली आणि ती हलली, तर ती फट शोधून बुजवायची.

तुमच्या भागातले पोल्ट्रीवाले करतात तेही चूक नाही. त्यांच्या शेडमध्ये पिल्ले असतात. पिलांना नुसती लव असते, खरी पिसे नसतात. पहिल्या आठवड्यात त्यांना ३२ ते ३५ अंशांची ऊब द्यावीच लागते. पण पडदे पूर्ण बंद केले की थंडीतच सर्दी, घरघर आणि पोटात पाणी होण्याच्या तक्रारी वाढतात, हे कुठलाही अनुभवी पोल्ट्रीवाला सांगेल. म्हणूनच पडदा वरून खाली सोडण्यापेक्षा खालून वर ओढावा आणि वरची फूटभर जागा मोकळी ठेवावी असे सांगतात. तुमच्या मुलीची झडप म्हणजे हीच मोकळी फूटभर जागा.

हीटरबद्दल मी ठाम आहे. अमेरिकेत खुराड्यांत २५० वॅटचा लाल दिवा टांगायची पद्धत आहे. खाली सुका भुसा, हवेत पिसांची धूळ, आणि मधे तो तापलेला दिवा! एका कोंबडीने उडी मारली आणि दिवा खाली पडला की खुराडे पेटते. पुष्कळदा घरापर्यंत आग जाते. दुसरा धोका त्याहून साधा आहे. हिमवादळात वीज जाते, आणि दिव्याच्या उबेला सरावलेल्या कोंबड्यांना एका रात्रीत गोठणबिंदूच्या कितीतरी खालची थंडी सोसावी लागते. थंडी हळूहळू वाढत जाते तशी कोंबडीही सरावते. तिला तो सराव होऊ द्यावा. आजारी, ऐन थंडीत पिसे झडलेली किंवा सिल्की जातीची कोंबडी असेल, तर गोष्ट वेगळी. सिल्कीची पिसे कापसासारखी सुटी असतात, ती वारा-पाणी अडवत नाहीत. अशांसाठी भिंतीला लावायचे, कमी तापणारे सपाट पॅनेल मिळते, तेवढे पुरे.

आता जातीकडे येऊ, कारण निम्मी लढाई तिथेच ठरते. ऊब सर्वांत जास्त जाते ती तुऱ्यातून आणि गळ्याखाली लोंबणाऱ्या लाल पाळ्यांतून. तिथे पिसे नाहीत आणि रक्त अगदी कातडीलगत असते. उंच, दातेरी तुऱ्याच्या लेगहॉर्नला म्हणूनच थंडी सोसवत नाही. कॅनडातल्या क्युबेक प्रांतात ओका येथील ट्रॅपिस्ट मठात ब्रदर विल्फ्रिड शातलँ यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नेमक्या याच अडचणीवर काम केले. वर्षानुवर्षे संकर करून त्यांनी शांतक्लेर ही जात तयार केली. तिचा तुरा डोक्याला चिकटलेल्या गोळीएवढा आणि पाळ्या जेमतेम. गोठायला काही शिल्लकच ठेवले नाही! वायंडॉटचा बसका गुलाबतुरा आणि ब्राह्माचा तीन रांगांचा बुटका वाटाणातुरा हेही थंडीला चांगले. जीवशास्त्रज्ञ विल्यम बेटसन यांनी १९०२च्या सुमारास कोंबड्यांच्या अशाच तुऱ्यांवरून दाखवले, की मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम प्राण्यांनाही लागू पडतात.

इथे तुम्हाला आवडेल अशी एक गोष्ट सांगतो. कोंबडीचा मूळ पूर्वज म्हणजे आग्नेय आशियाच्या उष्ण जंगलांतला लाल रानकोंबडा. हिमाशी त्याचा काही संबंध नव्हता. पण कोंबड्यांच्या पिवळ्या पायांचा आणि पिवळ्या कातडीचा जनुक त्याच्याकडून आलेला नाही. तो करड्या रानकोंबड्याकडून आला असे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले. हा करडा रानकोंबडा म्हणजे आपल्या सह्याद्रीत पहाटे आरवतो तोच. मुलीच्या कोंबड्यांचे पाय पिवळे असतील, तर मिनेसोटाच्या बर्फात सह्याद्रीचा थोडा अंश चालतो आहे.

हिमदंश झालाच तर ओळखायचा कसा? तुऱ्याची टोके आधी फिकी, राखाडी पडतात, मग सुजतात, आणि काही दिवसांत काळी होऊन वाळतात. त्या वेळी चोळायचे नाही, शेकायचेही नाही. कोंबडीला फार गरम नसलेल्या कोरड्या जागी आणून हळूहळू ऊब मिळू द्यायची. काळी टोके कापू नयेत. ती आपसूक गळतात आणि तोवर खालच्या जिवंत भागाला झाकून ठेवतात. कोंबड्याला हा त्रास जास्त होतो, कारण त्याचा तुरा मोठा. तुऱ्याला व्हॅसलीन चोपडण्याचा रिवाज तिकडे आहे, पण दमट खुराड्यावर तो इलाज नव्हे.

थंडीत सर्वांत कष्टाचे काम पाण्याचे. मिनिआपोलिसला ३० जानेवारी २०१९ रोजी पारा उणे ३३ अंशांवर गेला होता. अशा दिवशी भांड्यातले पाणी बघता बघता घट्ट होते. कोंबडी पाणी प्यायली नाही तर दाणा खात नाही, आणि दाणा खाल्ला नाही तर अंगात ऊब कशी तयार होणार? बर्फ चघळून तिची गरज भागत नाही. एक तर भांड्याखाली तापणारी विजेची बैठक ठेवायची, किंवा दोन रबरी भांडी घेऊन ती आलटून पालटून घरात वितळवायची. रबरी भांडे उपडे करून आपटले की बर्फाची चकती सुटते, प्लास्टिकचे तडकते. पाण्याचे भांडे मात्र खुराड्यात झोपायच्या जागी नको, तिथे पुन्हा ओलावाच वाढतो.

खाणे वाढते. एरवी दिवसाला साधारण १२० ग्रॅम खाणारी कोंबडी थंडीत बरेच जास्त खाते, म्हणून खाद्य हात आखडून घालू नये. संध्याकाळी मूठभर मका टाकला, तर गळ्याची पिशवी भरून ती दांडीवर चढते आणि रात्रभर पचनाची ऊब मिळते. पण मुख्य अन्न अंड्यावरच्या कोंबड्यांचे तयार खाद्यच असावे. खाली लाकडाच्या भुशाची गादी वीतभर किंवा त्याहून जाड ठेवावी, अधूनमधून खालीवर करावी, ओला भाग काढून टाकावा.

अंडी कमी झाली म्हणून तुमची मुलगी काळजीत असेल, तर तिला सांगा की दोष थंडीचा कमी आणि उजेडाचा जास्त. कोंबडी अंड्यावर राहायला दिवसाला चौदा-सोळा तास उजेड लागतो, आणि मिनिआपोलिसला डिसेंबरचा दिवस नऊ तासांचाही नसतो. हा उजेड कोंबडी नुसत्या डोळ्यांनी मोजत नाही. तो कवटीतून थेट मेंदूतल्या पेशींपर्यंत पोहोचतो. छोटा एलईडी दिवा टायमरवर लावून पहाटेचे तास वाढवता येतात. संध्याकाळी वाढवू नये, कारण दिवा एकदम विझला की कोंबड्या दांडीवर चढण्याआधीच अंधारात सापडतात. माझ्या मते घरच्या सहा कोंबड्यांना हिवाळाभर विसावा द्यावा, कारण शरद ऋतूत झडलेली पिसे नव्याने घालायलाच त्यांची पुष्कळ प्रथिने खर्च झालेली असतात. तरी जी अंडी मिळतील ती दिवसातून दोन-तीनदा गोळा करायला हवीत. घरट्यात राहिलेले अंडे गोठते, आतले पाणी फुगते आणि कवच उभे चिरते. असे तडकलेले अंडे खाण्यात घेऊ नये.