जीपमागचा ट्रेलर : वजन, ब्रेक आणि शिस्त



शिबिराचे सामान वाहणारा आपल्या शाळेचा जुना ट्रेलर तुम्ही सर्वांनी पाहिला आहे. सैन्याने निकाली काढलेले असे ट्रेलर लिलावातून शाळा, शेतकरी आणि जुन्या जीपचे शौकीन यांच्याकडे येतात. ‘जीप ओढते, मग झाले’ असे पुष्कळांना वाटते. वाहन-वर्गात मी पहिल्या दिवशी सांगतो की ओढणे हा सोपा भाग आहे, अवघड भाग थांबवणे हा आहे. या लेखात त्यामागचे गणित आणि रोजची शिस्त मांडतो.

१. ट्रेलरची ओळख

दुसऱ्या महायुद्धात विलीस जीपसाठी पाव टनी ट्रेलर तयार झाला. तो बँटम आणि विलीस या कंपन्यांनी बनवला. रिकामे वजन सुमारे २५० किलो आणि खडबडीत रस्त्यावरचा भार ५०० पौंड, म्हणजे सुमारे २२७ किलो. चाके जीपचीच, ६.००-१६ मापाची, त्यामुळे एकच जादा चाक दोघांनाही चालत असे. त्याचे धड पाणी आत न येणारे होते, म्हणून नदी ओलांडताना ते तरंगे. तळाला पाणी काढण्याची बुचे असत. पुढे एक टेकू-पाय असे. हातब्रेक होता, पण तो केवळ उभ्या ट्रेलरसाठी. चालत्या ट्रेलरला स्वतःचा ब्रेक नव्हता. आजच्या धड्याचे मूळ या एका वाक्यात आहे.

२. भार कुठे ठेवावा ?

गावाकडच्या छात्रांना ‘उलाळ’ गाडी ठाऊक असेल. बैलगाडीत मागे जास्त ओझे झाले की जू वर उचलले जाते. ट्रेलर उलाळ झाला तर कडी हुकाला वर उचलू पाहते, जीपच्या मागच्या चाकांची पकड कमी होते आणि वेग वाढताच ट्रेलर शेपटासारखा डोलू लागतो. ओझे पुढे फार झाले तर जीपचे पुढचे टोक हलके होऊन सुकाणू सैल लागते. म्हणून मी एकूण वजनाच्या सुमारे दहावा भाग कडीवर ठेवतो.

उदाहरण घेऊ. भरलेला ट्रेलर ५०० किलो, कडीपासून आसापर्यंतचे अंतर १.५ मीटर. कडीवर ५० किलो हवे असेल, तर वजनाचा मध्य आसाच्या पुढे

५० × १.५ ÷ ५०० = ०.१५ मीटर,

म्हणजे केवळ १५ सेंटिमीटर असायला हवा. वीतभरसुद्धा नाही ! यावरून सामान रचताना किती काळजी लागते ते कळेल.

मोजायची रीत सोपी आहे. सपाट जमिनीवर चाकांना ठोकळे लावा, कडी हुकाच्या उंचीला येईल असा लाकडी ठोकळा वजनकाट्यावर ठेवून त्यावर कडी टेकवा आणि टेकू-पाय उचला. समजा काटा २० किलो दाखवतो. पाण्याने भरलेला २० लिटरचा जेरीकॅन साधारण २४ किलोचा असतो. तो ६० सेंटिमीटर पुढे सरकवला, तर कडीवर २४ × ०.६ ÷ १.५ = ९.६ किलो वाढतात. असे तीन कॅन सरकवले की काटा ४९ च्या जवळ येतो. जड वस्तू तळाला आणि आसाजवळ, हलक्या वर, आणि सगळे दोरीने घट्ट बांधलेले. ट्रेलरमध्ये माणूस कधीही बसवायचा नाही.

३. थांबण्याचे अंतर

जीप, दोन माणसे आणि किरकोळ सामान मिळून १३०० किलो धरू. मागे ५०० किलोचा ट्रेलर, म्हणजे एकूण १८०० किलो. ब्रेक मात्र जीपच्या चार ड्रमचेच, तेही बूस्टर नसलेले. ब्रेकचे बल तेवढेच राहिले, तर मंदन १३००/१८०० पटीने घटते. एकट्या जीपचे मंदन दर सेकंदाला ५ मीटर प्रतिसेकंद धरले, तर जोडीचे ३.६ येते. ब्रेक लागल्यानंतरचे अंतर असे :

ताशी ४० किमी : जीप १२ मीटर, ट्रेलरसह १७ मीटर.
ताशी ६० किमी : जीप २८ मीटर, ट्रेलरसह ३८ मीटर.

वेग दीडपट झाला, पण वाढीव अंतर पाचावरून दहा मीटरवर गेले, कारण अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. चालकाला भान येऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंतचा एक सेकंद यात धरलेला नाही. ताशी ६० च्या वेगात त्या सेकंदात जवळजवळ १७ मीटर निघून जातात. रस्ता ओलांडणारे मूल या दहा मीटरांत असू शकते. म्हणून ट्रेलर मागे असताना आमची मर्यादा ताशी ४० आहे आणि ती रस्ता मोकळा असला तरी बदलत नाही.

४. घाट उतरताना

३०० मीटर उंचीचा घाट उतरताना १८०० किलोंची स्थितिज ऊर्जा १८०० × ९.८ × ३००, म्हणजे सुमारे ५३ लाख ज्यूल इतकी कमी होते. एवढ्या उष्णतेने १६ लिटर पाणी २० अंशांवरून उकळीला येईल. ही सगळी उष्णता ड्रममध्ये गेली, तर ते तापून फुगतात, अस्तराची पकड कमी होते आणि पेडल खाली जाऊनही गाडी आवरत नाही. उपाय एकच : हे काम इंजिनाकडून करून घ्या. ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. जुन्या जीपच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नसतो, त्यामुळे उतारावर वेग घेतल्यावर तो पडत नाही. गिअर उतार सुरू होण्यापूर्वीच टाकायचा. ब्रेक सतत घासत ठेवू नका. थोडा वेळ ठाम दाबा, मग सोडा, म्हणजे ड्रमला निवायला वेळ मिळतो.

ओल्या वळणावर जोरात ब्रेक लावला तर ट्रेलर मागून ढकलतो. विलीस जीपच्या पुढच्या-मागच्या आसांत अंतर फक्त ८० इंच, त्यामुळे ती चटकन आडवी फिरते आणि जोडीची कात्री होते. ट्रेलर डोलू लागला तर सुकाणू सरळ धरा, प्रवेगकावरचा पाय उचला आणि ब्रेकवर झडप घालू नका. वेग वाढवून डोलणे थांबवण्याचा प्रयत्न तर मुळीच नको.

चारही चाकांची ओढ चिखल, वाळू, ओले गवत यांसाठी आहे. या जीपमध्ये पुढच्या व मागच्या आसांमध्ये डिफरन्शियल नसतो. कोरड्या डांबरावर ती जोडून वळणे घेतली, तर गिअरपेटी आणि आस यांवर नाहक ताण येतो.

५. निघण्यापूर्वीची तपासणी

१) पिंटल हुकाची खिटी बंद आणि तिच्यात पिन आहे का ? कडी व हुक झिजलेले नाहीत ना ? हुक ज्या आडव्या पट्टीला बसवला आहे तिला गंज किंवा तडा नाही ना ?

२) सुरक्षा-साखळ्या दांडीखालून एकमेकींना छेद देऊन लावल्या आहेत का ? कडी सुटली तर दांडी जमिनीवर न आपटता साखळ्यांवर पडते.

३) दिवे. युद्धकाळातील विलीस जीप ६ व्होल्टची, तर नंतरची एम-३८ जीप २४ व्होल्टची. लिलावातल्या ट्रेलरचे बल्ब आपल्या जीपच्या व्होल्टेजचे आहेत याची खात्री करा.

४) टायर. बाजूवरचे शेवटचे चार अंक आठवडा व वर्ष सांगतात. २३१५ म्हणजे २०१५ चा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी जुने रबर तडकते.

५) चाकांचे नट. जुन्या विलीसच्या डाव्या चाकांना डावे आटे असतात. पाना उलटा फिरवून आटे मोडू नका.

६) दहा किलोमीटरनंतर थांबून दोन्ही हब हाताने तपासा. एक दुसऱ्यापेक्षा बराच गरम असेल तर बेअरिंग उघडून पाहिल्याशिवाय पुढे जायचे नाही.

७) कागदपत्रे. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे ट्रेलरची नोंदणी वेगळी होते.

ही तपासणी आमच्याकडे दोघे करतात. एक जण जोडतो व मोठ्याने सांगतो, दुसरा हात लावून पाहतो. जोडणाऱ्याला कमी लेखण्याचा यात हेतू नाही. सुटलेला ट्रेलर उतारावर कोणाची पदवी विचारत नाही.

६. मागे घेणे

हात सुकाणूच्या तळाशी धरा. हात उजवीकडे न्याल तर ट्रेलर उजवीकडे जाईल. आखूड ट्रेलर लगेच वळतो, म्हणून हालचाल थोडी आणि वेग चालण्याइतका ठेवा. मागे मार्गदर्शक हवाच, आणि तो आरशात दिसेनासा झाला की त्याच क्षणी थांबायचे. रिकामा पाव टनी ट्रेलर दोघे-तिघे हातानेही फिरवू शकतात, अडचणीच्या जागी तेच शहाणपणाचे.

सराव

अ) वरील जीप-ट्रेलरचे ताशी ५० किमी वेगातले ब्रेक-अंतर काढा.

आ) ट्रेलर ४५० किलो, कडीवर १५ किलो, आसापर्यंत १.५ मीटर. वजनाचा मध्य आसाच्या किती पुढे आहे ? २४ किलोचे किती कॅन ५० सेंटिमीटर पुढे न्यावेत ?

इ) घाटमाथ्यावर तुम्ही चालक आहात. उतार सुरू होण्यापूर्वी करायच्या गोष्टी क्रमाने लिहा.

उत्तरे वहीत लिहून रविवारी वाहन-शेडमध्ये आणा. तिथे वजनकाट्यावर ताडून पाहू.

जय हिंद !